नेहमीचा श्वास

वऱ्हाडात ज्याच्या छातीत दमा मुक्कामाला आहे, त्याला ऋतू कोणी सांगावे लागत नाहीत. वैशाखात वावटळी सुटतात, मोकळ्या वावरातली काळी माती उठून दारा-खिडक्यांच्या फटींतून घरात येते. श्रावणात भिंतींना ओल धरते आणि रात्री छातीत बारीक शिट्टी वाजू लागते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं. शिवारात मळणीचे हडंबे सुरू होतात आणि संध्याकाळी भुशाचा पिवळसर ढग गावावर उतरतो. दिवाळीनंतर कापूस येतो. अकोट, अकोला, दर्यापूरच्या जिनांमध्ये रेचे धडधडू लागले की रुईचे तंतू आत काम करणाऱ्यांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर बसतात. पौषात थंडी, तुरीचं खळं आणि चौकाचौकातल्या शेकोट्या. आणि बारा महिने चालणारी एक गोष्ट म्हणजे चुलीतली पऱ्हाटी. ज्या झाडानं हंगामात घरात पैसा आणला, त्याचीच वाळलेली काडी मग वर्षभर चुलीत जळते. तिचा धूर घरातल्या बाईच्या वाट्याला येतो, आणि तिच्या कडेवर पोर असेल तर त्याच्याही.

माझी अकोल्याची मावशी अशाच धुरात जन्मभर स्वयंपाक करत राहिली. तिनं विडीला कधी हात लावला नाही. तरीही पन्नाशीनंतर तिला जिना चढवेना. पुढे पुढे मोर्णा नदीच्या पुलापर्यंत जाणंही नको वाटू लागलं. घरातले म्हणत, वय झालं. ती स्वतःही तसंच म्हणे.

हा आजार असाच येतो. तो एका रात्रीत पाडत नाही, माणसाच्या जगाची हद्द वर्षावर्षानं आत आत सरकवत आणतो. आधी शेत दूर जातं, मग बाजार, मग गल्लीच्या टोकाचं किराणा दुकान, मग मोरी. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातल्या वायुकोशांच्या नाजूक भिंती मोडतात आणि धुऊन धुऊन सैल पडलेल्या मोज्यासारखी फुप्फुसं आपला ताण गमावून बसतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. जुनी हवा आत अडकलेली असल्यानं नव्या हवेला जागाच उरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याला श्वास घेता येत नाही. खरा त्रास श्वास सोडण्याचा असतो.

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते; २०१६ पर्यंत ते ५ कोटी ५३ लाख झाले. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांनी हिरावून नेलेल्या निरोगी आयुष्यात तो ३२ टक्के. हा फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नाही, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. चुलीचा धूर, कामाच्या जागेवरची धूळ, होऊन गेलेला क्षयरोग, लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया, जुना दमा ही त्यांनी सांगितलेली कारणं. ती यादी वाचताना मला वाटलं, माझ्या ओळखीचा अर्धा वऱ्हाड हिच्यात आहे.

कामाच्या धुळीचं दुखणं तर फार जुनं. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्यानं १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला तपासताना ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारा, असं त्यानं वैद्यांना बजावलं. हा प्रश्न वऱ्हाडात प्रत्येक दवाखान्यात विचारावा असा आहे. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची फिनले मिल. या गिरण्यांच्या भोंग्यांवर कितीतरी घरं जगली. सुती गिरणीच्या धुळीनं होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, ही त्याची ओळख. कामगार ती निमूटपणे सोसतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सैलावते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा फिनले मिलही थांबली आणि पुढे ती सुरू व्हावी म्हणून कामगार आंदोलनं करत राहिले. त्यांतल्या कोणाकोणाच्या छातीत गिरणी तेव्हाही चालू होती.

अशा छात्यांच्या मुलखात कोरोना आला.

पहिली गोष्ट घडली ती खोकल्याची. आमच्या अमरावतीच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ पहाटे उठून खोकत. वर्षानुवर्षं त्यांच्या खोकल्यानं शेजारच्यांना जाग येई. कोणी तक्रार केली नाही, उलट एखाद्या दिवशी खोकला ऐकू आला नाही तर समोरची बाई दारात येऊन विचारी, “काकाजी, बरं हाय नं?” २०२० च्या उन्हाळ्यात तोच खोकला ऐकून खिडक्या बंद होऊ लागल्या. काकाजी तोंडात पदराचा बोळा धरल्यागत उशी धरून खोकू लागले. ज्यांना जन्माचा खोकला आहे त्यांनी त्या वर्षी किती खोकला गिळला असेल, याची नोंद कुठेच नाही.

आजाऱ्याला लांब ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ती मोडणारी माणसंही याच मातीत झाली. १९४६ मध्ये दाजीसाहेब पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन उभं केलं, तेव्हा कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत. दाजीसाहेबांनी या रोग्यांना औषध दिलं, घरं दिली, हातांना काम दिलं. भीतीवर उतारा म्हणून त्यांनी उपदेशापेक्षा सहवास निवडला. काकाजींच्या बाबतीतही तेच घडलं. समोरची बाई काही दिवसांनी मास्क बांधून, अंगणातूनच, पुन्हा विचारू लागली. ती म्हणाली, “यायचा खोकला मले माईत हाय. हा जुनाच हाय.” तिच्या या एका वाक्यावर गल्ली सैलावली. खोकला जुना की नवा, हे सांगू शकणारा माणूस त्या दिवसांत फार मोलाचा होता.

प्रेमानं केलेल्या गोष्टींनीही या माणसांना त्रास झाला. सुरुवातीला रस्त्यांवर, दारांवर सोडियम हायपोक्लोराइटचे फवारे उडाले. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की रस्त्यावरच्या अशा फवारणीचा उपयोग नाही आणि क्लोरीन डोळ्यांना, त्वचेला, फुप्फुसांना झोंबतं. दम्याच्या माणसाला ते संघटनेच्या आधी कळलं होतं. मग घरोघर कडुनिंबाचा पाला जाळून धूर करणं आलं. दुसऱ्या लाटेत कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या आल्या. नातेवाईक आपलेपणानं पुरचुंडी पाठवत आणि मावशीला तिच्या वासानंच ठसका लागे. तिच्या शेजारच्या काकूंनी यावर एक सरळ उपाय काढला. काहीही करण्याआधी त्या भिंतीवर थाप मारून विचारत, “मावशी, मिरच्या भाजू काय? दार लावून घेता?” मावशी दार लावून घेई, पाठच्या खोलीत बसे, आणि ठेचा झाला की वाटीभर तिच्याकडेही येई. महासाथीतली सेवा म्हटलं की मला आधी ही थाप ऐकू येते. दुसऱ्याच्या छातीला काय सोसतं, हे विचारून घेणं तिच्यात होतं.

१५ सप्टेंबर २०२० ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर फिरू लागले. कपाळासमोर तापमापक, बोटाला ऑक्सिमीटर. तोपर्यंत दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात असलेलं ते चिमट्याएवढं यंत्र अकोल्याच्या जुन्या शहराच्या बोळांत आलं. त्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्यानं १९७४ च्या सुमारास शोधलं. बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशातला धडधडणारा अंश वेगळा काढला तर रक्तातला ऑक्सिजन सुई न टोचता मोजता येतो, हे त्याच्या ध्यानात आलं. १८ एप्रिल २०२० ला आओयागी गेला. सगळं जग त्याच्या यंत्राकडे डोळे लावून बसलं होतं, त्या महिन्यात.

आशाताईंना दिलेला आकडा साधा होता. ९५ च्या खाली आलं की दवाखान्यात पाठवा. बहुतेकांसाठी तो बरोबरही होता. मावशीच्या दारात मात्र वेगळं घडलं.

“बोट द्या बरं मावशी.”

“किती आलं वं?”

“एक्क्याण्णव.”

“मंग बरं हाय. माहं येवढंच रायते.”

आशाताई क्षणभर थांबली. मग ओट्यावर बसली. रात्री किती उशा घेता? बोलताना मधे थांबावं लागतं काय? मोरीपर्यंत एका दमात जाता? श्वासाचा पंप दिवसातून किती वेळा घेता? पायावर सूज? ताप? सगळं विचारून तिनं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन केला आणि आपल्या वहीत मावशीच्या नावापुढे लिहिलं: नेहमी ९०-९१. दोन उशा. मोरीपर्यंत जाते, येताना एकदा थांबते. तोच मजकूर एका चिठ्ठीवर लिहून तिनं मावशीच्या पंपाच्या डब्यात ठेवला.

ती नोंद मला या सगळ्या काळातली सर्वांत शहाणी नोंद वाटते. फुप्फुसाच्या जुन्या रोग्याला जगाच्या सरासरीनं मोजून भागत नाही. त्याला त्याच्याच कालच्या दिवसाशी ताडून पाहावं लागतं. निरोगी माणसाचा ९१ हा धोक्याचा आकडा, मावशीचा ९१ हा मंगळवारच्या भाजीइतका साधा दिवस. आणि यंत्राचंही पुरतं ऐकून चालत नाही. थंड बोट, नखावरचा रंग, यांनी आकडा बदलतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की काळ्या त्वचेच्या रुग्णांत रक्तातला ऑक्सिजन खरोखर घटलेला असूनही यंत्र ठीक आकडा दाखवतं, असं गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडतं. उन्हात राबून रापलेल्या आपल्या माणसांच्या बोटाला ते यंत्र लावताना हे लक्षात असायला हवं. म्हणून आकड्याजवळ माणूस लागतो. रोज पाहणारा.

विदर्भात श्वास मोजण्याचं हे काम शेजारच्या माणसाच्या हाती देण्याचा प्रयोग ऑक्सिमीटरच्या कितीतरी आधी झाला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालकांच्या न्यूमोनियासाठी एक साधा श्वासगणक बनवला. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. फारसं शिक्षण नसलेल्या गावच्या माणसालाही बाळाचा श्वास जोरात चालला आहे की नाही हे त्यावरून ठरवता येई आणि औषध वेळेवर पोचे. मेळघाटात, धारणीजवळच्या उतावलीत डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेनंही गावातल्याच बायांना शिकवून न्यूमोनियाशी झुंज दिली. दूरच्या दवाखान्यापेक्षा जवळची शिकलेली बाई आधी पोचते, हे या डोंगरांनी आणि जंगलांनी सिद्ध केलेलं आहे.

मग २०२१ चा फेब्रुवारी आला. देश कोरोना संपला असं धरून चालला होता आणि इकडे अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण वाढत होते. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. आठवडाभराची म्हणून लागलेली ती पुढे लांबली. दुसरी लाट महाराष्ट्रात आमच्या अंगणातून शिरली. अमरावतीच्या राजकमल चौकात शुकशुकाट झाला. अमरावती-अकोला हे अंतर एरवी काहीच नाही. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू आणि आलंच अकोला. त्या दिवसांत ते ओलांडता येईना. मावशीकडे जाणं बंद झालं, फोन तेवढा राहिला.

फोनवर तब्येत कशी ओळखायची, हे मला काकूंनी शिकवलं. ‘कशी आहेस’ विचारलं तर मावशी ‘बरी हावो’ म्हणणारच. म्हणून तिला काहीतरी लांबण सांगायला लावायचं. आज भाजी काय केली, पोळ्याला बैल कोणाचा पहिला आला होता, मामाच्या लग्नात पाऊस कसा आला होता. एका श्वासात ती किती शब्द बोलते ते ऐकायचं. नेहमी ती सहा-सात शब्दांवर थांबे. ज्या दिवशी ती दोन शब्दांवर थांबू लागली, त्या दिवशी काकूंच्याही ते कानावर आलं होतं. सकाळी भिंतीवर थाप मारली तर आतून उलट थाप आली, शब्द आले नाहीत. काकूंनी आशाताईला बोलावलं. यंत्रानं ८५ दाखवलं. वहीत ९०-९१ लिहिलेलं होतं. तासाभरात मावशी सरकारी दवाखान्यात होती, तिच्या पंपाच्या डब्यासकट आणि त्या चिठ्ठीसकट.

चिठ्ठीचं महत्त्व तिथे कळलं. सीओपीडीच्या काही रुग्णांना ऑक्सिजन भरमसाट दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, रुग्ण गुंगीत जातो आणि नातेवाइकांना वाटतं, झोप लागली, बरं वाटतंय. म्हणून अशा रुग्णाचा ऑक्सिजन ८८ ते ९२ च्या दरम्यान राखावा, असं वैद्यकशास्त्र सांगतं. खाटा भरलेल्या, डॉक्टर दमलेले, आणि समोर अनोळखी म्हातारी. तिची जुनी फाइल कोण शोधणार? चार ओळींच्या त्या कागदानं तिची ओळख सांगितली. नेहमी इतका. मावशी बरी होऊन घरी आली. चिठ्ठीनं तिला वाचवलं असं मी म्हणणार नाही. वाचवलं डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि वेळेवर पोचण्यानं. पण ती वेळ शेजारणीच्या कानानं साधली, हे मला ठाऊक आहे.

एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी देश आक्रंदत होता. १९ एप्रिलला मुंबईजवळच्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली. भरून परतताना २३ एप्रिलच्या रात्री नागपूरला तीन टँकर उतरले आणि उरलेले चार घेऊन ती बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला ही आमची स्टेशनं मागे टाकत नाशिककडे गेली. ज्या रुळांवरून एकेकाळी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांकडे गेला, त्यांच्यावरून त्या रात्री श्वास वाहून नेला जात होता.

या धावपळीत एक वर्ग मात्र कोणाच्या हिशेबात नव्हता. कोरोना व्हायच्या आधीपासून घरी ऑक्सिजनवर असलेली माणसं. रक्तातला ऑक्सिजन कायमचा घटलेल्या अशा रुग्णाला दिवसातून किमान पंधरा तास ऑक्सिजन घेतला तरच आयुष्य वाढतं. त्यांच्या सिलिंडरचं भरणं अवघड झालं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र ज्यांच्याकडे होतं, त्यांचा जीव विजेवर टांगलेला. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, वीज गेली की यंत्र किंचाळू लागतं. दवाखान्यातून आल्यावर मावशीलाही काही महिने ते लागलं. काकूंच्या मुलानं आपल्या घरच्या इन्व्हर्टरवरून भिंतीच्या वरून एक वायर टाकून ठेवली. वीज गेली की त्यांच्या घरचे पंखे बंद होत, मावशीचं यंत्र चालू राही. याचं त्यांनी कधी नाव काढलं नाही.

लसीची गोष्टही आठवते. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना आणि पंचेचाळीसच्या पुढच्या आजारी माणसांना लस सुरू झाली. आजारांच्या यादीत श्वसनाचा आजार होता, पण तो गंभीर असला पाहिजे आणि त्यासाठी मागच्या दोन वर्षांत दवाखान्यात दाखल झालेलं असलं पाहिजे, नाहीतर श्वास मोजण्याच्या चाचणीत फुप्फुसाची ताकद निम्म्याहून कमी आलेली असली पाहिजे, अशी अट होती. जिनवर काम करणारा पन्नाशीचा हमाल दम उठला की ओट्यावर पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून, रात्र काढतो. तो दाखल होत नाही, कारण दुसऱ्या दिवशीची हजेरी बुडते. त्याच्याकडे कागद कुठून असणार? १ एप्रिलला पंचेचाळीसच्या पुढच्या सर्वांना लस खुली झाली तेव्हा ती अडचण सुटली. पण त्या अटीतून दिसलेलं सत्य तसंच आहे. घरात सोसलेला आजार सरकारच्या वहीत चढत नाही.

औषधाच्या बाबतीतही जवळच्या माणसानं फार काम केलं. वाफेच्या यंत्रानं विषाणू हवेत उडेल या भीतीनं डॉक्टर सांगू लागले की नेब्युलायझर टाळा, पंप वापरा आणि पंपाला स्पेसर लावा. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. तिच्यामुळे औषध जिभेवर न बसता छातीत उतरतं. तो मिळत नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतल्या हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ सालीच दाखवलं होतं की अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंपाच्या मापाचं भोक पाडून केलेला स्पेसर दम्याच्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच गुण देतो. शीतपेयाची रिकामी बाटली आणि तापवलेली तार वऱ्हाडातल्या कुठल्या घरात नाही? कमी आहे ती ही गोष्ट घरापर्यंत नेणाऱ्या माणसांची.

ती नेणाऱ्या आशाताईंना आपण काय दिलं? जून २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान दिला. सन्मान योग्यच होता. पण जिच्या वहीवर माणसाचा जीव अवलंबून असतो, तिला वहीच्या हक्काचं वेतनही मिळालं पाहिजे.

आशाताईसारखाच विसरला जातो तो आजाऱ्याचा सोबती. त्याची आठवण गाडगेबाबांनी ठेवली होती. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीत वाढलेले आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या काठी देह ठेवलेले गाडगेबाबा अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांचे. हातात खराटा घेऊन ते गाव झाडत, हे सगळ्यांना माहीत आहे. आजाऱ्याबरोबर आलेल्या माणसालाही छप्पर आणि भाकर लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. मुंबईत दादरला त्यांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कर्करुग्ण आणि त्यांचे सोबती राहतात. जुन्या श्वासरोग्याच्या घरातही एक असा सोबती असतो. रात्री उशी नीट करणारा, पंप हाताशी ठेवणारा, स्वतः अर्धवट झोपणारा. त्याची चौकशी करायला येणारा शेजारी ही सुद्धा औषधाइतकीच गरज आहे.

महासाथीत सारा समाज काही महिने श्वास मोजायला शिकला. सहा मिनिटं चालून बोट तपासायचं, पालथं झोपायचं, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा. दम्याची माणसं हे सारं वर्षानुवर्षं एकट्यानं करत आली होती. लाट ओसरली, यंत्रं कपाटात गेली आणि ती माणसं पुन्हा एकटी पडली. मला हे मान्य नाही. आणि नवी माणसं त्यांच्यात येणारच आहेत. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता, शोधणारे दुसरीकडे गुंतले होते. ज्यांचा क्षय उशिरा सापडला त्यांच्या फुप्फुसांवरचे व्रण पुढच्या दहा-वीस वर्षांत धाप होऊन दिसतील.

म्हणून मला वाटतं, आशाताईच्या त्या वहीला साथ संपली म्हणून बंद करू नये. प्रत्येक गावात, प्रत्येक मोहल्ल्यात, ज्याला जुनी धाप आहे त्याच्या नावापुढे त्याचं नेहमीचं लिहिलेलं असावं: आकडा, उशा, पावलं, एका दमातले शब्द. हचिन्सन या इंग्रज डॉक्टरचा, फुंकलेली हवा मोजणारा श्वासमापक १८४६ पासून जगात आहे. त्याचं आजचं रूप तालुक्याच्या दवाखान्यात नेमानं वापरलं जावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात खोकल्याच्या बाटलीऐवजी पंप मिळावा आणि तो कसा ओढायचा हे शिकवणारं कोणी असावं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आले. ज्या शहरानं असं शरीर घडवलं, त्याच्या मैदानात आठवड्यातून दोन सकाळी धाप लागणाऱ्या म्हाताऱ्यांनाही बोलवावं. हळू चालणं, हातांचे व्यायाम, श्वास सोडण्याचा सराव, यांनी त्यांचं हरवलेलं अंगण त्यांना परत मिळतं, हे शास्त्र सांगतं. जिनमधल्या मजुराला तोंडावर नीट बसणारा मास्क आणि धूळ ओढून घेणारे पंखे मिळावेत. आणि पऱ्हाटीची चूल घरातून जावी. सिलिंडर दारात पोचला म्हणजे ती जात नाही. तो पुन्हा भरण्याचे पैसे बाईच्या हातात असले म्हणजे जाते.

यातलं पुष्कळ सरकारनं करायचं आहे आणि ते त्याच्याकडून मागून घ्यायला हवं. एक गोष्ट मात्र आपल्या हाती आहे, आजच. आपल्या भिंतीपलीकडे, जिन्याखाली, गल्लीच्या टोकाला ज्याची छाती वाजते त्याचा नेहमीचा श्वास आपल्याला माहीत असावा. तो माहीत व्हायला आजारपणात भेटून भागत नाही. बऱ्या दिवसांत जावं लागतं, बसावं लागतं, त्याच्या वेगानं चालणारी गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी लागते. साथ पुन्हा येईल तेव्हा यंत्रं विकत मिळतील. ही ओळख आधीच झालेली असावी लागेल.